हाराची पाटी

“हे काढा,” आक्काताई म्हणाल्या.

सादिकचा हात माउसवर होता तिथंच थांबला. अभिनंदन मोठ्या हौसेनं त्यांच्या तोंडाकडं बघत उभा होता, तो तसाच उभा राहिला. खालच्या मजल्यावर यंत्रमाग खडखडत होते.

“काय काढू, आक्का?” अभिनंदननं विचारलं.

“हे. हारबीर. सगळंच.”

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बळीमामांचा फोटो होता. बळीमामा म्हणजे आक्काताईंचे यजमान. कुणाच्या तरी लग्नात काढलेला, फेट्यातला फोटो. त्याला झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना समया, आणि समयांच्या ज्योती चक्क हलत होत्या. त्या ज्योती हलवायला आमच्या एडिटरनं, एरवी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या सादिकनं, अख्खा दिवस घातला होता. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या चित्रपटाचा आधारवड कै. बळवंत रामू चौगुले यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ सिनेमा सुरू व्हायच्या आधी, सगळ्यात पहिली, ही एकच पाटी पडद्यावर येणार होती.

आम्हाला वाटलं होतं, बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल. मी तर रुमालसुद्धा काढून ठेवला होता. मीच त्यांना सकाळी गावाकडनं स्कूटीवर बसवून इचलकरंजीला आणलं होतं, “आक्का, तुम्हाला एक दाखवायचंय,” एवढंच सांगून. आणि बाई म्हणतात, काढा!

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे आमची अशी तोंडं का पडली ते कळेल. आमचा सिनेमा गुऱ्हाळावरचा होता. नाव ‘आदण’, म्हणजे काहिलीत उकळायला ठेवलेला रस. दिग्दर्शक अभिनंदन मगदूम, निर्माताही तोच, आणि उधारीचा धनीही तोच. मी सहायक दिग्दर्शक. ऐकायला बरं वाटतं, पण कामं म्हणाल तर नटांना उठवायचं, म्हशीला फ्रेमबाहेर हाकलायचं, आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो, म्हणून मी त्याला अभ्या म्हणते. अभ्याकडं द्यायला पैसे नव्हते. त्याच्याकडं एकच गोष्ट होती, नाव. “पैसे नाहीत भावा, पण पडद्यावर नाव देतो,” हे वाक्य तो इतक्यांदा बोलला होता की झोपेतसुद्धा बोलत असेल. भाकरी थापणाऱ्या मावशींना नाव, ट्रॅक्टर दिलेल्याला नाव, ट्रॅक्टर दिला नाही पण दमही दिला नाही त्यालाही नाव.

बळीमामांचा धंदा मंडपाच्या लायटिंगचा. आम्ही शूटिंग केलं त्या शिरोळकडच्या गावात कुणाचं लग्न असो, गणपती असो, दिवे मामांचेच. टेंपो, जनरेटर आणि हॅलोजन घेऊन ते पहिल्या दिवशी आले ते शूटिंग संपेपर्यंत आमच्यातच राहिले. स्वभाव भलताच तिरका. माझ्या हातात सारखं कागद लावलेलं पॅड असायचं म्हणून मला ‘कलेक्टरीणबाई’ म्हणायचे. “कलेक्टरीणबाई, आज सूर्याला कितीला बोलवलंय?” असं विचारायचे आणि स्वतःच हसायचे. कॅमेरामन कौस्तुभ पुण्याचा, पोरसवदा, कायम घाईत. तो “मामाऽऽ, लाइट!” म्हणून ओरडला की मामा मुद्दाम सावकाश उठायचे, तंबाखू झटकायचे, आणि लाइट मात्र बरोबर हवा तिथं पडायचा.

शूटिंग संपलं, आणि पावसाळ्यात मामा गेले. कावीळ झाली होती, अंगावर काढली. आम्ही सगळे मातीला गेलो होतो. मग एक दिवस अभ्या म्हणाला, “माला, मामांची पाटी पहिली लावायची. आपल्या सगळ्यांच्या आधी.” मला ते लगेच पटलं.

म्हणून त्या दिवशी आम्हाला काही सुचेना.

“आक्का, फोटो आवडला नाही का?” अभ्यानं विचारलं. “दुसरा असला तर द्या. हा तुमच्या भाऊजींनी, बाबासाहेबांनी दिला.”

“फोटो बरा हाय.”

“मग अक्षर मोठं करूया का?” सादिक म्हणाला. बिचाऱ्यानं लगेच करूनही दाखवलं. “सोनेरी करू? सोनेरी चांगलं उठतं.”

“नको रं बाबा.”

“कै. च्या जागी स्वर्गीय लिहितो,” अभ्या म्हणाला. “आणि पाटी थोडी जास्त वेळ ठेवतो. मागं बासरी लावतो. चालेल?”

आक्कांनी नुसती मान हलवली. अभ्याचा चेहरा उतरत चालला होता. त्याला वाटत होतं, बाईंना अजून काहीतरी जास्त पाहिजे आणि ते आपल्याला ओळखता येत नाहीय. मलाही तसंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात थोडा रागही आला होता. एवढा मान कुणाला मिळतो? माझं स्वतःचं नाव शेवटी मुंग्यांएवढ्या अक्षरात येणार होतं.

“आक्का,” मी म्हटलं, “तुम्हाला काय पाहिजे ते तरी सांगा.”

“त्या बाकीच्यांची नावं कुठं येत्यात?”

“ती शेवटी. सिनेमा संपला की खालनं वर सरकत जातात.”

“ती दाव.”

सादिकनं ती लावली. काळ्या पडद्यावर पांढरी नावं वर चढायला लागली. आक्का खुर्चीत पुढं सरकून बसल्या, डोळे बारीक करून एकेक नाव वाचायला लागल्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, ओठ हलवत वाचायच्या. कलाकार झाले, संगीत झालं, छायाचित्रण झालं, भाकरीवाल्या मावशी झाल्या, चहावाला सुभाष झाला, ट्रॅक्टर झाला. शेवटी ‘समस्त ग्रामस्थांचे आभार’ आलं आणि पडदा काळा झाला.

“ह्यात न्हाईत व्हय ते?”

“आक्का, त्यांची पाटी पहिली आहे ना,” अभ्या समजावून सांगायला लागला. “सगळ्यांच्या वर. मग परत या गर्दीत कशाला नाव? आम्ही मुद्दाम काढलं इथनं.”

“म्हंजी हुतं, आनि काढलंसा.”

“होतं. पण तिकडं एवढी मोठी पाटी…”

“ती ऱ्हाऊ दे. ह्यात घाला. ह्या सगळ्यांत.”

अभ्यानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. आक्कांनी पिशवीतनं पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि मग बोलायला लागल्या. आवाज न चढवता बोलत होत्या.

“चौकात फलक लावला हुता ह्यांचा. हाच फोटू, हाच हार. कोपऱ्यात सोसायटीच्या चेअरमनचा फोटू, भाऊजींचा फोटू, हात जोडल्याला. आठवडाभर ऱ्हायला. मग वाऱ्यानं सुटला तर कुणीतरी नेला, आता म्हशीच्या गोठ्यावर घातलाय पाऊस लागू नये म्हणून. मी रोज त्या वाटंनं जातो. ह्यांचं तोंड उलटं दिसतंय.”

सादिकनं मान खाली घातली.

“ते ऱ्हाऊ द्या. चालायचंच. पर गावात काय म्हणत्यात ठावं हाय का? पिक्चरवाल्यांनी म्हाताऱ्याला खुळं केलं. फुकट राबवलं. हौसंपायी जीव गेला बिचाऱ्याचा. भाऊजीबी तेच म्हणत्यात, आनि फोटूबी तेच देत्यात. आता हे हार घालून दावलं की समदी उठून उभी ऱ्हातील, चक् चक् करतील, बिचारा म्हणतील. अवो, ते बिचारे न्हवते! त्यांनी काम केलंय तिथं. रोज घरला येऊन मला सांगायचे, आज गुऱ्हाळाच्या चुलवणाच्या जाळाचा उजेड तोंडावर कसा पाडला, आज चांदणं कसं केलं. माझ्याशी उभ्या जन्मात एवढं बोलले न्हवते.”

तिथं मात्र त्यांचा आवाज कापला. पण पाणी काही आलं नाही डोळ्यांत. माझ्याच आलं.

“श्रद्धांजली काय, मेलं की कुणालाबी मिळती,” आक्का म्हणाल्या. “त्येला काय करावं लागतंय? मला ह्यांचं काम पायजे तिथं. लोकांनी बघितलं पायजे, ह्या मानसानं हे केलं म्हणून.”

अभ्या स्टुलावर मटकन बसला. मग म्हणाला, “बरोबर आहे. घालतो.”

म्हणाला खरा, पण घालायचं कुठं? इथं खरी पंचाईत झाली. नामावलीत ‘छायाचित्रण व प्रकाशयोजना’ अशी एकच ओळ होती, आणि त्या ओळीपुढं कौस्तुभचं एकट्याचं नाव होतं. तेही अभ्यानंच कबूल केलेलं. पैशाच्या बदल्यात.

“विद्युत विभाग असं करू?” सादिक म्हणाला.

“ते काय वीज बोर्डात होते का?” मी म्हटलं.

“प्रकाश सहायक?”

“साठीचा माणूस, आणि सहायक कुणाचा, त्या पोराचा?” माझं डोकं फिरायला लागलं होतं. “अभ्या, फोन लाव कौस्तुभला.”

फोन लागला. अभ्यानं स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं.

“अरे, मामांबद्दल मला काय वाटतं तुम्हाला माहीत आहे,” कौस्तुभ म्हणाला. “पण प्रकाशयोजना माझी आहे. कुठून किती उजेड, ते मी ठरवायचो. मामा लावायचे. हा माझा पहिला सिनेमा आहे, अभि. लोक ही ओळ बघून मला पुढचं काम देणार. त्यात दुसरं नाव आलं, की विचारणार, नक्की कुणी केलं?”

“वा रे वा!” मी फोनवर तुटून पडले. “तो माणूस जनरेटरच्या धुरात उभा राहून खोकायचा, तेव्हा कुठं होती तुझी ओळ?”

“माला, तू ओरडू नकोस. मी चुकीचं काही बोलत नाहीय.”

आणि खरं सांगायचं तर तो चुकीचं बोलत नव्हता. तोही फुकटच राबला होता. त्याच्याही हातात त्या एका ओळीशिवाय काही नव्हतं. म्हणून तर मी जास्तच ओरडत होते.

आक्कांनी हात पुढं केला. “आन हिकडं.”

मी फोन त्यांच्यासमोर धरला.

“कौस्तुभ, मी मामी बोलतो.”

“मामी? तुम्ही तिथंच आहात?” त्याचा आवाज एकदम खाली आला. “मामी, माफ करा, मला…”

“तुजं नाव काढू नको बाळा. तुजं तुला ऱ्हाऊ दे. तू शिकलायस त्येच्यासाठी. ह्यांनी काय केलं, तेवढंच लिव म्हणतो मी. जास्त नको, कमी नको. तू त्यांच्याजवळ हुतास, तूच सांग काय केलं त्यांनी.”

मला वाटलं, फोन कट झाला. खाली माग खडखडत होते.

“लाइट,” कौस्तुभ शेवटी म्हणाला. “मी दुसरं काही म्हणायचोच नाही. ‘मामा, लाइट.’ दिवसभर तेच. अभि, एक ओळ कर, लाइट, बळवंत चौगुले. नुसतं लाइट. आणि माझ्या नावाच्या लगेच खाली ठेव. मध्ये दुसरं कुणी नको.”

“आणि प्रकाशयोजना?” अभ्यानं विचारलं.

“ती माझ्याकडं राहू दे. कोण काय करायचं ते आता दिसतंय ना सरळ.”

सादिकनं ओळ टाइप केली. ‘लाइट – कै. बळवंत चौगुले.’

“ते पुढचं काढ,” आक्का म्हणाल्या.

“कै.?” अभ्या दचकला. “आक्का, तसं नाही चालत. गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतातच. नाही लावलं तर गाव आम्हाला शिव्या घालेल. रविवारी गावात पहिला खेळ आहे, बाबासाहेब पहिल्या रांगेत असणार. ते तर उठून भांडतील.”

“भांडू देत.”

“पण का काढायचं?”

“अवो,” आक्का म्हणाल्या, “ते काम करताना जित्ते हुते की!”

सादिकनं ते ‘कै.’ काढून टाकलं. मग त्यानं हळूच विचारलं, “समया पण काढू?” आक्कांना बहुतेक त्याची दया आली. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “दुसऱ्या कुनाच्या तरी लग्नाला वापर रं. झ्याक झाल्यात.” सादिक फिस्सकन हसला, मग मी, मग अभ्या. मामा गेल्यापासून आम्ही तिघं एका खोलीत असं पहिल्यांदाच हसलो असू.

रविवारी दुपारी गावच्या मंगल कार्यालयात खेळ होता. खिडक्यांना मंडपाच्या कनाती बांधून अंधार केला होता. सगळं गाव आलेलं. सिनेमात प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतंच, नाहीतर निदान म्हैस तरी होती. बाबासाहेब इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते, आणि मांडीवर कागदात गुंडाळलेला खराखुरा हार. तो हार बघून अभ्या माझ्याजवळ सरकला.

“पडद्याला घालणार वाटतं,” तो माझ्या कानात म्हणाला.

“घालू दे. पडदा काय नाही म्हणणार आहे?” मी म्हटलं. पण भीती मलाही होतीच. गावानं एकदा मनावर घेतलं असतं, की या पोरांनी मेलेल्या माणसाचा अपमान केला, तर ते आक्कांनाच ऐकून घ्यावं लागलं असतं. आम्ही काय, सामान उचलून इचलकरंजीला गेलो असतो.

दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. श्रद्धांजली नाही. बाबासाहेबांनी मान मागं वळवून अभ्याला शोधलं, दोन्ही हातांनी ‘काय?’ असं विचारलं. अभ्या माझ्यामागं लपला. मग सिनेमानं लोकांना धरलं. हसायच्या जागी हसले, न हसायच्या जागी जास्तच हसले. चुलवणाच्या उजेडात म्हातारा एकटा बसलेला असतो त्या सीनला मात्र चिडीचूप. मी आक्कांकडं बघितलं. त्या म्हाताऱ्याकडं बघत नव्हत्या. त्याच्या तोंडावरच्या उजेडाकडं बघत होत्या.

सिनेमा संपला. टाळ्या झाल्या, आणि जे कुठंही होतं तेच झालं. माणसं उठली, पोरांना हाका मारायला लागली, दारात चपलांची शोधाशोध सुरू झाली. नावं वर सरकत होती आणि त्यांच्याकडं बघतंय कोण!

तेवढ्यात मागनं कुणीतरी ओरडलं, “ए! बळीमामा!”

सगळे वळले. ‘छायाचित्रण व प्रकाशयोजना – कौस्तुभ लेले.’ त्याच्या खाली, ‘लाइट – बळवंत चौगुले.’ मग मागच्या कोपऱ्यातनं अशी एक शिट्टी आली की कनाती हलाव्यात. तिच्यामागं दुसरी, तिसरी. “मामाऽऽ, लाइट!” कुणीतरी कौस्तुभसारखाच आवाज काढला आणि सगळा हॉल हसला, टाळ्या वाजवायला लागला. एकही माणूस ‘बिचारा’ म्हणाला नाही.

बाबासाहेब हार घेऊन उभे राहिले. “अरं, कै. राहिलं की!” ते ओरडले. “कै. विसरलासा!”

“विसरले न्हाईत, भाऊजी,” आक्का मागनं म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. “मी काढाय लावलंय. बसा खाली.”

बाबासाहेब बसले. का बसले कुणास ठाऊक, पण बसले.

तोवर नाव वर निघून गेलं होतं. आक्का प्रोजेक्टरपाशी बसलेल्या सादिककडं वळल्या. “परत लाव की रं ते.”

“आक्का, नुसती नावंच आहेत.”

“तीच लाव. मगाशी नीट बघितलीच न्हाईत कुनी.”

सादिकनं नामावली परत पहिल्यापासून लावली. आणि दारातली माणसं थांबली. काहीजण चपला हातात धरूनच परत खाली बसले. मी आज इतकी वर्षं या धंद्यात आहे, मोठमोठ्या थिएटरांत बसले आहे. नामावली बघायला परत खाली बसलेली माणसं मी तेवढीच बघितली. कुणीतरी एक नाव मोठ्यानं वाचलं. मग दुसऱ्यानं वाचलं. मग शाळेत पाढे म्हणतात तसं सगळेच वाचायला लागले. संगीत, अमुक. वेशभूषा, तमुक. ज्याचं नाव येईल त्याच्या पाठीत आजूबाजूचे गुद्दे घालत होते. माझं नाव आलं तेव्हा कुणीतरी ‘कलेक्टरीणबाई!’ म्हणून ओरडलं, आणि मी रडले की हसले, मला आठवत नाही.

कौस्तुभचं नाव वाचून झालं. पुढची ओळ वर आली, आणि का कोण जाणे, सगळे एकदम थांबले. कुणी वाचेना. सगळ्यांच्या माना आक्कांकडं वळल्या होत्या. आमच्याकडं त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ‘हे’ म्हणतात, ‘ते’ म्हणतात, पोरांचे बाप म्हणतात. आक्कांनी ते नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, गावानंही नसावं.

आक्कांनी पदर सारखा केला. ओठ हलवत आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं.

“लाइट,” त्या म्हणाल्या, “बळवंत चौगुले.”

आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पुढची ओळही वाचली. “भाकरी, छबूबाई माने. चहा, सुभाष कांबळे…”